लाल ठिपका वर

"आई, लाल ठिपका वर ठेवूनच हीटरची पिन लाव हं. खाली गेला की पाणी धरतं," मालननं मोरीच्या पडद्याशी वाकून सांगितलं. आतून तिच्या आईचा, रतनबाईचा, आवाज आला, "व्हय गं माय, कळलं." झालं, संपलं बोलणं. मीठ कुठल्या डब्यात आहे ते सांगावं तितक्या सहज सांगून मालन पुढच्या खोलीत निघून गेली. जाताना तिच्या पातळाचा पदर सासूच्या खांद्याला घासून गेला, तरी तिचं तिकडे लक्ष गेलं नाही. मनकर्णाबाई सुपात तीळ घेऊन स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून बसली होती. तिची बोटं तिळातच थांबली. कुणी तिला ढकललं नव्हतं, काही लागलं नव्हतं. पण जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं धरून पाय टाकावा आणि एकदम जमीनच लागावी, तसं तिला छातीत झालं. पाणी धरतं. हा शब्द तिचा नव्हता. तिचा शब्द 'चावतं' असा होता, आणि त्या शब्दावर या घरात भादव्यापासून हसणं चाललं होतं. चावायला पाणी म्हणजे काय कुत्रं आहे का आई, असं बन्सी म्हणायचा. तिचा एकुलता एक मुलगा, हायस्कूलात सायन्स शिकवणारा. तो म्हणायचा आणि मालन तोंडाला पदर लावायची. कधीकधी मनकर्णाबाईसुद्धा हसायची, कारण मुलगा हसवतोय म्हटल्यावर आईनं हसू नये तर काय करावं.

हीटर घरात आला तो श्रावणात, बेबीच्या बरोबर. मालन माहेरी राहुरीकडे बाळंत झाली. तिकडे पाटाचं पाणी, उसाची शेती, सगळा मोठा कारभार. लेकीला सासरी पोचवायला रतनबाई आली ती टोपरी-कुंच्या, डिंकाचे लाडू आणि हा हीटर घेऊन. नातीला ऊन पाणी मिळालं पाहिजे, चुलीच्या धुरात नको म्हणाली. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं मनकर्णाबाईनं मनातल्या मनात म्हणून घेतलं होतं, पण ती खुशीतली थट्टा होती. वस्तू देखणी होती. बादलीत सोडायचं चकचकीत वेटोळं, वर काळी मूठ. तिच्या पिनला तीन पाय होते आणि नगरच्या नालेगावातल्या या भाड्याच्या जागेत भिंतीला भोकं दोनच. बन्सीनं काय केलं, मांडी घालून बसला, तिसरी तार कातरून टाकली आणि दोन पायांची पिन बसवून दिली. "ही तिसरी नुसती शोभेची असते," असं तो सासूला म्हणाला. रतनबाई म्हणाली, जावाई लई हुशार. मनकर्णाबाईला त्या वेळी बन्सीची दृष्ट काढावीशी वाटली होती. पारनेर तालुक्यातल्या खडकाळ रानातून उठून पोरगं मास्तर झालं, आणि आता विजेच्या तारा दोऱ्यासारख्या हाताळतं. त्या दिवशी तिनं शेजारणीला दोनदा सांगितलं.

मोरीत पाण्याचा आवाज सुरू झाला. रतनबाई अंगावर तांब्ये घेत होती. मनकर्णाबाई कान देऊन ऐकत राहिली. खरं बोलायचं तर ती किंकाळीची वाट बघत होती. विहिणीला एकदा तरी चावावं, एकदा बोटापासून कोपरापर्यंत ती कळ जावी आणि मग तिनं ओरडून सगळ्यांना सांगावं, असं तिला वाटलं. वाटल्याबरोबर लाजही वाटली. सणाचा दिवस, बाई नातीच्या बोरन्हाणाला आलेली, आणि आपण हे काय चिंततोय. पण किंकाळी आली नाही. तांब्या बादलीवर आपटल्याचा खणखणाट आला, श्रीराम श्रीराम आलं, आणि पुन्हा पाणी. ठिपका वर असणार. पाहुणी येऊन एक रात्र झाली नाही तर तिला सांगितलं. आणि आपण इथं श्रावणापासून आहोत.

पहिल्यांदा चावलं ते भादव्यात. मनकर्णाबाईची सवय अशी, की न्हायच्या आधी पाण्यात बोटं बुडवायची, ती डोळ्यांना लावायची, मग पहिला तांब्या. तिच्या आईनं लावलेली सवय. त्यातून पाणी कितपत ऊन झालंय तेही कळायचं. चुलीवरच्या पाण्याला काय बटण असतं बंद करायला? तशी तिनं बोटं बुडवली आणि कुणीतरी आतून हात धरून हिसका दिला. ती मागे भिंतीवर आपटली. बन्सीला सांगितलं तर तो म्हणाला, बटण बंद करून हात घालत जा. ती घालू लागली. पण जन्माची सवय बटणाला थोडीच ऐकते? चारदा लक्षात राहायचं, पाचव्यांदा हात आपोआप जायचा. आणि गंमत अशी की दर वेळी चावायचं नाही. कधी नुसतं ऊन पाणी, माणसासारखं. कधी दातच. आज आहे आणि उद्या नाही असल्या गोष्टीला लोक भास म्हणतात, ते तिला ठाऊक होतं. त्यात वस्तू विहिणीची. मालनचं तोंड एवढंसं झालं. "आमच्या आईनं आणलेली वस्तू आहे म्हणून होत असेल," असं ती भांडी घासता घासता भांड्यांना म्हणाली. मग मनकर्णाबाईनं तो विषय वाढवला नाही. घरात नवं लेकरू, आणि आपलेच दात आपलेच ओठ.

तिला भीती वेगळीच होती. तिची आई झुंबरबाई शेवटी शेवटी भ्रमिष्ट झाली होती. चांगली चार माणसांचं काम ओढणारी बाई, एक दिवस म्हणाली माझ्या कातड्याखालून मुंग्या चालतायत. मग म्हणाली भाकरी मला टोचते. मग म्हणाली भिंतीतून कुणीतरी माझी नस ओढतंय. भाऊ हसायचे. पोरं तिला मुद्दाम विचारायची, आजी, आज किती मुंग्या? आणि ती भोळेपणानं सांगायची. मनकर्णाबाईचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. माहेरी गेली की ती आईचे दंड चोळून द्यायची आणि आई तिला म्हणायची, तू तरी म्हन गं, हाय म्हून. ती 'हाय' म्हणायची. पण ते खोटं होतं आणि आईला ते कळायचं. म्हणून मोरीत चावल्यावर, भिंतीला पाठ लावून उभी असताना, झुणझुणत्या हाताकडे बघता बघता मनकर्णाबाईला वाटलं, आला. आपल्याही दारात आला तो भ्रम. रक्तातच असतो म्हणतात.

हे तिनं एकट्या बन्सीला सांगितलं होतं. दिवाळीच्या सुमाराची गोष्ट. मालन तुळशीपाशी पणती लावायला गेलेली, आणि हा खुर्चीत वह्या तपासत बसलेला. ती त्याच्या पायांशी बसली आणि म्हणाली, "तुज्या आजीचं झालं तसं माजं व्हतंय का रं? खरं सांग. मालनला नगं सांगू." बन्सीनं पेन्सिल खाली ठेवली. मग त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मुलानं आईच्या डोक्यावरून हात फिरवणं उलटंच की, पण तिला बरं वाटलं. तो म्हणाला, "वय झालं की नसा कमजोर होतात आई. त्यात काही नसतं." तिला तो हात अजून आठवत होता. खडूचा वास असलेला, कोरडा हात.

आणि ठिपका तर दसऱ्यापासून होता.

सुपातले तीळ तिनं एकीकडे सारले, उगाच. मग पुन्हा दुसरीकडे. दसऱ्यापासून, यात शंका नाही. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. गावी ती विळे, कुऱ्हाडी, पाभर, सगळ्यांना कुंकू लावायची. इथं शहरात काय, बन्सीची सायकल आणि एक अडकित्ता. तिनं त्यांना कुंकू लावलं, झेंडू वाहिला. आणि दुसऱ्या दिवशी मोरीत गेली तर पिनच्या एका अंगाला लाल ठिपका. तिला इतकं बरं वाटलं! शिकलेली माणसं, पण पोरानं रीत सोडली नाही. विजेच्या वस्तूलाही कुंकू लावलं. तो ठिपका पाण्यानं जात नव्हता, तेव्हा तिला वाटलं मेणावर लावला असेल, आपण कपाळावर लावायचो तसा. मग रोज पिन लावायच्या आधी ती त्या ठिपक्याला हात जोडायची. बाई, चावू नगंस, म्हणायची. कधी ठिपका वर यायचा, कधी खाली. देवाला काय, वर काय नि खाली काय. आता तिला मालनच्या नखांचा तो रंग आठवला. लग्नात लावला होता आणि मग ती बाटली आरशामागे पडून होती. तो रंग. त्याला आपण हात जोडले. एकदा मालननं तिला तसे हात जोडताना बघितलंही होतं, आणि ती काही बोलली नव्हती. निदान हसली तरी असती.

एक आठवण सुटी सुटी आली की तिच्या मागून दुसरी येते, मग आवरता येत नाही. हात घालून दाखवला होता त्यानं! दसऱ्यानंतर तिनं पुन्हा एकदा तक्रार केली तेव्हा बन्सी उठला होता. "चल, तुला दाखवतोच," म्हणाला. मोरीत गेला. बटण चालू होतं, पाणी गुणगुणत होतं. त्यानं पिन उपसली, डोळ्यांपुढे धरली, फुंकर मारली, पुन्हा खोचली. बटण चालूच. आणि सरळ मनगटापर्यंत हात पाण्यात घातला. "बघ. आहे काही? घाल तुझा." तिनं भीतभीत घातला. काही नव्हतं. नुसतं कोमट पाणी, आणि पाण्यात मुलाचा हात. तिला इतकी शरम वाटली की तिथंच तिनं कानाला हात लावला. तेव्हापासून तिनं बटणाची फिकीर सोडली. कशाला करायची? पाण्यात काही नव्हतं, आपल्यातच होतं. नंतर चावलं तरी ती कुणाला सांगेनाशी झाली. अंथरूण ओलं करणारं पोर लपवतं तशी लपवू लागली. थंडी पडली तशी कधीकधी गार पाण्यानंच आंघोळ उरकायची आणि वाफ नाही हे कुणाला दिसू नये म्हणून पडदा घट्ट ओढून घ्यायची. फुंकर मारली होती त्यानं पिनवर. कशाला? धूळ बसली होती? हातचलाखीवाला कोंबडं काढायच्या आधी रुमालावर फुंकर मारतो, ती कशाला मारतो?

डॉक्टरकडेही नेलं होतं. तुळशीचं लग्न झाल्यावर, तांगा करून. तिला वाटलं, किती करतंय पोरगं. डॉक्टरनं गुडघ्यावर हातोडी मारली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि विचारलं, कधीपासून? ती बोलायच्या आधी बन्सीच म्हणाला, "मुंग्या आल्यासारखं होतं म्हणते. पाण्यात हात घातला की. तसं माझ्या आजीलाही झालं होतं, तिचं डोकं गेलं होतं शेवटी." हे आपण त्याच्या एकट्याच्या पायांशी बसून सांगितलेलं. पण डॉक्टरला सांगावंच लागतं, असं तिनंच स्वतःला समजावलं. मुलाच्या वतीनं बोलायची तिला सवयच होती. डॉक्टरनं लाल औषधाची बाटली आणि सुया दिल्या. सुया दंडावर दुखायच्या. ती ते दुखणं आनंदानं सोसायची, डोकं ठिकाणावर राहील म्हणून.

आणि मग बेबी. हे आठवायच्या आधी मनकर्णाबाईनं सूप खाली ठेवलं. गावात तिची एकच ख्याती होती, तान्ह्या पोरांना न्हाऊ घालण्याची. कुणाकडे बाळंतीण असली की मनकर्णाला बोलवा. पाय लांब करून बसायची, पोर पालथं पायांवर, हळद-डाळीचं पीठ, दुधाचा हात, टाळूवर तेलाची वाटी, आणि शेवटचा तांब्या पाठीवरून असा घालायची की पोर रडता रडता जांभई देई. शेतात दुसऱ्या बाया तिच्यापुढे जात, पण या कामात नाही. नगरला राहायला आली तीच मुळी यासाठी. बेबी तिच्या पायांवर न्हायची, तिच्याच शेकानं झोपायची. डॉक्टरकडून आल्यावर बन्सी म्हणाला, "आई, बेबीची आंघोळ आता मालनला करू दे काही दिवस. तुझ्या हातात झिणझिण्या येतात, पोर सुटलं म्हणजे?" तिनं स्वतःच्या हातांकडे बघितलं. ते कापत नव्हते. पण त्यानं म्हटल्यावर कापल्यासारखे वाटले, आणि ती म्हणाली, "व्हय, खरं हाय तुजं." ते काही दिवस संपलेच नाहीत. ती दूर बसून बघायची, मालन पाण्याचा हात कसा उलटा फिरवते ते, बोलायची नाही. भ्रमिष्ट बाईनं काय शिकवावं? शेवटी तिनंच ठरवलं की बोरन्हाण झालं की गावी निघून जायचं. इथं राहून पोरांच्या जिवाला घोर कशाला? बन्सी नको म्हणाला, पण एकदाच म्हणाला. उद्या सकाळची एसटी होती. गाठोडं बांधून कोपऱ्यात ठेवलं होतं.

"लई झ्याक पानी हुतं ईनबाई," रतनबाई केस झटकत बाहेर आली. गोरीपान, सैल हसणारी बाई. तिच्यात कपट नव्हतं. असतं तर बरं झालं असतं. मनकर्णाबाई तिच्याकडे बघून हसली. आणि हसता हसता तिला एक नवाच विचार आला: हे तरी आपण खरंच ऐकलं का? लाल ठिपका वर ठेव, असं मालन म्हणाली का? की भिंतीतून कुणी नस ओढायला लागलंय, तसं आता कानात कुणी बोलायला लागलंय? इतके दिवस तिला पटवलं होतं की तुझ्या अंगाला जे कळतं ते खोटं; मग कान काय अंगाबाहेरचे होते? झुंबरबाईलाही शेवटी ऐकू यायचं. विचारावं कुणाला? ज्यांना विचारायचं ते म्हणतील, कुठं काय, भास झाला. आणि त्यांनी तसं म्हटलं तर आपण मानू, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तीच सगळ्यात भयंकर गोष्ट होती.

ती उठली. पुढच्या खोलीत खिडकीच्या काचांवर लढाईतल्या ब्लॅकआउटचा काळा कागद अजून तसाच होता, आणि त्या अंधुक उजेडात मालन आणि रतनबाई बेबीसाठी हलव्याचे दागिने ओवत बसल्या होत्या. बन्सी सुटी म्हणून उशिरा उठलेला, टूथब्रश तोंडात घेऊन फिरत होता. मनकर्णाबाई मोरीत गेली. बादली भरली, हीटर सोडला. पिन हातात घेऊन तिनं ठिपका बघितला. आज पहिल्यांदा तिनं हात जोडले नाहीत. ठिपका खाली करून तिनं पिन खोचली आणि बटण दाबलं. पाणी थोड्या वेळानं गुणगुणू लागलं. ती तिथंच पडद्याशी, बटणावर बोट ठेवून, त्याचा टॉवेल खांद्यावर घेऊन उभी राहिली. "बन्सी, पानी काडलंय रं!" बोट बटणावर कशासाठी, तर तो न बघताच हात घालायला गेला तर त्याआधी वीज बंद झाली पाहिजे. तिला माहीत करून घ्यायचं होतं, पण त्याच्या बोटाच्या जिवावर नाही. एवढंही तिला कुणी शिकवलं नव्हतं, आपोआप सुचलं.

बन्सी आला. पडदा सारला. आईसमोरून आत शिरला. ती तिथं असतेच, खुंटीसारखी. गुणगुणतच त्यानं भिंतीकडे एक नजर टाकली, तोंडातल्या तोंडात च्‌ केलं, पिन उपसली, उलटी केली, ठिपका वर करून खोचली आणि मग वाकून पाण्यात बोटं घातली. किती सहज! सदऱ्याचं उलटं बटण सरळ करावं तसं. मनकर्णाबाईला वाटलं होतं की अशा वेळी माणूस ओरडेल, रडेल. पण तिला आधी वाटलं ते हे, की माझं डोकं ठीक आहे. मी ऐकलं ते खरं. चावलं ते खरं. प्रत्येक वेळचं खरं. आनंदासारखं काहीतरी वर आलं आणि तिथंच अडकलं, कारण त्याच्या पाठोपाठ दुसरं उभं होतं.

"कशापायी उलटी केलीस?"

"काय?"

"पिन."

बन्सीनं वर बघितलं. "अगं, नीट बसली नव्हती ती," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका नेहमीचा होता की तिचं मन सवयीनं 'असंल' म्हणायला निघालंच होतं.

"ठिपका खाली हुता म्हून केलीस," ती म्हणाली.

तो सरळ उभा राहिला. त्याची नजर पहिल्यांदा गेली ती तिच्याकडे नाही, पडद्याकडे. "हळू बोल. त्या बाहेर बसल्यात."

"दसऱ्यालाच ठावं हुतं तुला."

"आई, ऐक. आतून कुठंतरी चीर गेलीय त्याला. एका बाजूनं लावलं की करंट पाण्यात येतो, उलटं लावलं की नाही येत. एवढंच आहे. नवा आणणारच होतो, राहून गेलं."

"मग मला का न्हाई सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू पारनेरापर्यंत बोभाटा केला असतास, विहिणीनं करंटाची वस्तू दिली म्हणून. मालनला किती लागलं असतं! आणि ती तिसरी, अर्थिंगची तार मी कापलेली. ती असती तर..." तो थांबला. "शाळेत पोरांना मीच शिकवतो, ती तार कशासाठी असते ते. आधी तुला भास म्हणून बसलो, मग मागं कसं फिरायचं? वाटलं, तुझं तुला सवयीचं होईल."

"दवाखान्यात नेलंस. माज्या आईचं नाव सांगितलंस तिथं."

"तुझ्या समाधानासाठी नेलं ना."

"आन् बेबीला काढून घेतलंस माज्याकडनं."

"मग काय करणार होतो?" तो चिडून म्हणाला. "तू पिन कशीही लावायचीस. पोरीला काही झालं असतं म्हणजे?"

हे बोलून झाल्यावर त्याला स्वतःचं बोलणं ऐकू आलं असावं. त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं, कडेला टूथपेस्टचा फेस. मनकर्णाबाईनं तो टॉवेलानं पुसला. पोरीला काही झालं असतं म्हणजे. बरोबर होतं त्याचं. बापानं लेकराला जपलंच पाहिजे. आणि जपायची युक्तीही त्याला सुचली होती: लेकराला त्या पाण्यातून उचलून घ्यायचं आणि म्हातारीला त्यातच ठेवायचं. दोघींना बाहेर काढायला एक वाक्य पुरलं असतं. तेवढं वाक्य त्याच्या जवळ होतं, ते त्यानं बायकोला दिलं, तिच्याकडून सासूलाही पोचलं. तिला त्याचा राग आला, असा राग की बादली त्याच्या अंगावर उपडी करावी. आणि त्या रागाच्या खाली, लाज वाटावी असं काहीतरी वाटलं. डोकं फिरलं असतं तर बरं होतं. आईसारखं फिरलं असतं, आपण मुंग्या मोजत बसलो असतो, पोरं हसली असती. पण मुलगा शाबूत राहिला असता. दारी आलेलं ते वेड तिला आता जुन्या ओळखीच्या माणसासारखं वाटलं, आणि ते तर निघून गेलं होतं.

ती बाहेर आली. रतनबाईनं तिला शेजारी जागा करून दिली, चहाची बशी पुढे सारली आणि मायेनंच विचारलं, "आता कसं वाटतंय ईनबाई डोक्याला? जावाई सांगत हुते, भास हुत्यात म्हून. गावाकडं जाऊन बरं वाटंल का पर?" मालननं दोरा घातलेली सुई तिथंच धरली. मोरीच्या पडद्याशी बन्सी ओल्या हातानं उभा होता, आणि त्याचे डोळे लहानपणी मार चुकवताना व्हायचे तसे झाले होते. एक वाक्य पुरेल, हे तिला दिसलं. विहिणीसमोर, सुनेसमोर, एक वाक्य आणि हा मास्तर कायमचा उघडा पडेल. तिनं चहाचा घोट घेतला.

"हुता बाई एक भास," ती म्हणाली. "लई वर्सं हुता. माजा बन्सी माज्याशी खोटं बोलनार न्हाई, आसा. आज सकाळी गेला. आता डोकं एकदम साफ हाय."

रतनबाई आधी हसली, मग लेकीचं तोंड बघून तिचं हसू विरलं. मनकर्णाबाई उठली, स्वयंपाकघरात गेली, स्टोव्हला पिन मारली, काकडा पेटवला आणि पातेलंभर पाणी ठेवलं. आधण फुटायच्या आधी उतरवलं, विसण घातलं, बोटं बुडवून बघितलं, ती डोळ्यांना लावली. मग मोरीत पाय लांब करून बसली आणि म्हणाली, "मालन, पोरगी आन." मालन दारात आली. तिनं नवऱ्याकडे बघितलं नाही. बेबीला दोन्ही हातांनी सासूच्या पायांवर ठेवलं आणि, "आत्याबाई, मी सांगायला पाहिजे होतं," असं अगदी हळू म्हणाली. मनकर्णाबाईनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

बेबी ताठ झाली. आता तिला माणसं कळू लागली होती, आणि ज्या महिन्यांत ती माणसं शिकली त्या महिन्यांत ही आजी लांब बसलेली होती. तिनं त्या चेहऱ्याकडे बघितलं, ओठ काढला आणि दारातल्या आईकडे हात पसरून आकांत मांडला. पण मनकर्णाबाईचे हात थांबले नाहीत. पीठ, दुधाचा हात, मानेच्या वळ्या, कानामागं, पाठ. हात कापत नव्हते. कधीच कापले नव्हते. पोर रडत राहिली, शेवटच्या तांब्यालाही तिला जांभई आली नाही, आणि तिनं ते रडणं टॉवेलात गुंडाळून मालनच्या हाती दिलं.

मोरीत ती एकटी राहिली, पाय तसेच लांब केलेले. बन्सी पडद्याशी आला. तो रडत होता, किंवा मघाशी रडला होता. भिंतीवरून त्यानं पिन उपसली आणि हीटर तारेसकट गुंडाळून बाहेर फेकायला म्हणून हातात घेतला. "आई," तो म्हणाला, "उद्या जाऊ नकोस. तू मला इथं हवी आहेस. खरंच सांगतो."

मनकर्णाबाईनं त्याच्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, जन्मल्यावर पहिल्यांदा हातात दिला होता तेव्हा बघितलं होतं तितक्या निरखून. तो खरं बोलत असेलही. तिला ते कळायला काही मार्ग नव्हता.